राखाडी मादी

२ जून
आले एकदाची सासरी! घर गावाच्या टोकाला, दुमजली, आणि वरच्या मजल्यावर माणसांऐवजी कबुतरं. सासऱ्यांचा धंदाच तो, जातिवंत पांढरी कबुतरं वाढवून विकायची. सासूबाई बोलतात मोजकं, पण वाढताना हात आखडत नाहीत. नवरा लाजाळू. मी शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून मला 'बाई' म्हणून चिडवतो. आईवडिलांविना काका-काकूंकडे वाढलेल्या मुलीला आणखी काय हवं? काकू म्हणाली होती, सासरे फार चौकस आहेत, जपून राहा. मला तर ते देवमाणूस वाटले.

११ जून
आज सासऱ्यांनी खुराडी दाखवली. राखाडी रंग प्रभावी, पांढरा अप्रभावी. पिल्लाला आईबाप दोघांकडून पांढरा मिळाला तरच ते पांढरं. एकाकडून जरी राखाडी आला, तरी पांढरा आत दडून बसतो, अगदी पिढ्यानपिढ्या. दर वर्षी हेच मी फळ्यावर लिहायचे आणि मागच्या बाकावर जांभया सुरू व्हायच्या. इथे तेच पंख फडफडवत समोर बसलं होतं. राखाडी मादीत पांढरा दडलाय का, हे बघायला सासरे तिची जोडी पांढऱ्या नराशी लावतात. एक जरी पिल्लू पांढरं निघालं, तर दडलाय. तीन खेपांत निघालंच नाही तर? त्यांनी अंगठ्याने मान मोडल्याची खूण केली आणि पुढच्या खुराड्याकडे वळले. मादीची की पिल्लांची, ते मी विचारलं नाही. धंदा म्हटल्यावर चालायचंच, अशी मनाची समजूत घातली.

३० जून
खुराडी झाडताना धुळीचा लोट उठला. मी डोळे गच्च मिटले. उघडले तर नवरा धुळीत तसाच उभा, डोळे सताड उघडे. नाकाकडच्या कोपऱ्यातून एक दुधी पडदा आडवा सरकत आला, बुबुळावरून फिरला आणि परत गेला. कबुतरांना असतो तसाच. जेवताना मुद्दाम बघत बसले. सासूबाईंना आहे, सासऱ्यांनाही. नवऱ्याला विचारलं तर ओशाळून म्हणाला, घरात सगळ्यांनाच आहे, दुखत वगैरे नाही. जसा काही चष्माच.

१९ ऑगस्ट
मला दिवस गेलेत! घरात आनंदीआनंद. मी मात्र आधी हिशेब मांडला. सासूबाईंकडून काढून घेतलं, की त्यांचे आणि सासऱ्यांचे आईवडील साध्या डोळ्यांचेच होते. म्हणजे गुण अप्रभावी. माझ्यात तो दडलेला नसेल, तर बाळाला काही होणार नाही. जीव भांड्यात पडला.

तपासायला नर्सबाई आल्या होत्या. बोलता बोलता बोलून गेल्या, की मी या घरातली तिसरी सून, नवऱ्याची तिसरी बायको. आधीच्या दोघींची बाळं छान होती म्हणे, टपोऱ्या, साध्या डोळ्यांची. मग त्या दोघी कुठे आहेत, असं विचारणार तोच सासूबाई चहा घेऊन आल्या. नर्सबाई चहा तसाच टाकून गेल्या.

२ सप्टेंबर
नवरा म्हणतो, त्या दोघी माहेरी गेल्या. आणि बाळं? दाणे टाकायची वेळ झाली, म्हणून तो उठलाच.

काकांना फोन केला. काका म्हणाले, स्थळ बघताना सासऱ्यांनी माझी पत्रिका, शिक्षण काही विचारलं नव्हतं. फक्त माझ्या आईच्या डोळ्यांबद्दल खोदून खोदून विचारलं. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. काकांनी खरं ते सांगून टाकलं, की तिच्या डोळ्यांवर कसलीशी साय यायची, ती कायम काळा चष्मा लावायची. लग्न मोडेल म्हणून काका घाबरले होते. सासऱ्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

म्हणजे माझ्यात दडलेलं आहे. नक्की आहे. बाळाचे डोळे पडद्याचे निघण्याची शक्यता निम्मी. आणि साधे निघाले तर —

मला बाळ जिवंत हवंय. डोळे कसेही असोत.

१४ नोव्हेंबर
फोन सापडत नाही. फाटकाला कुलूप असतं. या दिवसांत दगदग नको, म्हणतात. वर एका राखाडी मादीला पांढरं पिल्लू झालंय. सासऱ्यांनी मला हाताला धरून वर नेलं, दाखवलं. माझ्या पोटाकडे बघून हसले. मला तिचा हेवा वाटला. पाखराचा हेवा.

१७ एप्रिल
मुलगी झाली. सासूबाई तिच्या डोळ्यांवर फुंकर घालायला टपून होत्या. त्यांच्याआधी मीच घातली.

पडदा सरकला.

मला आनंद झाला. लिहितानाही लाज वाटते, पण मी आनंदाने रडले. जगेल ती. आम्ही दोघी जगू.

२० एप्रिल
वर गेले होते. पांढऱ्या पिल्लाची आई दिसली नाही. खुराडं धुऊन ठेवलेलं. पिल्लू कधीच मोठं होऊन पांढऱ्या नराशेजारी बसलेलं. सासऱ्यांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, मी वर्गात सांगायचे तसं.

"तिचं काम झालं, पोरी. पांढऱ्याला पांढरं मिळालं की राखाडीचा काय उपयोग? तिची निम्मी परत राखाडीच निघायची."

मी खाली येऊन पोरीला छातीशी धरलं.

२१ एप्रिल
दूध पाजायला बाई आणलीय. मला दूध आहे. भरपूर आहे. तरी आणलीय.

नवरा पायाशी बसून रडला.

२२ एप्रिल
फाटकाला कुलूप, म्हणून पोरीला घेऊन वर खुराड्यांच्या खोलीत आलेय, दार आतून लावलंय. खिडकीतून पत्र्यावर, पत्र्यावरून मागच्या रस्त्यावर — पोरीला चादरीने छातीशी बांधलंय — रोजनिशी बरोबर नेणार, कुणीतरी वाचायला हवी —

जिन्यावर पावलं. तिघांची.

फक्त ही रडायला नको —

रडत नाहीये. डोळे उघडलेत. माझ्याकडे बघत नाही, दाराकडे बघतेय. गळ्यातून काहीतरी — घुमतेय. पारव्यासारखी घुमतेय. गप, बाळा, गप — आणि दारापलीकडून, तिघंही, तसंच —