एक्क्यांची जोडी आणि उडता बटाटा

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. पोकरमध्ये माझं नेमकं कुठे चुकतं ते शोधायचं. माझं चुकत नाही हे मला माहीत आहे, पण लेखी पुरावा असलेला बरा.

काल रविवारच्या ऑनलाइन टूर्नामेंटमधून पुन्हा लवकर बाहेर. हातात राजांची जोडी. सुरुवातीला दोनच पानं मिळतात, त्यात दोन्ही राजे. याच्या वर फक्त एक्के. समोर 'उडता बटाटा' नावाचा कोणी इसम सत्ती आणि तिर्री घेऊन आत आला. सत्ती-तिर्री! मधली, सगळ्यांना सामाईक असलेली पानं उघडली, त्यात एक सत्ती, एक तिर्री. माझे राजे गेले, मागोमाग मी.

निदान: लोक सैल आहेत. हातात कचरा असला तरी खेळतात. मी घट्ट, म्हणजे चांगली पानं असली तरच खेळतो, म्हणून मार खातो.

उपाय: भक्कम जोडी आली की लपवायची. बोली लहान लावायची, म्हणजे बटाटा बेसावध आत येईल. मग झाकण.

जेवताना हिने बदलीबद्दल काहीतरी सांगितलं. अर्धंच ऐकलं. उद्या विचारतो.

४ मार्च
विचारलं. ही एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते. त्यांची दुसऱ्या शहरात नवी शाखा निघाली आहे, तिथे ही विभागप्रमुख. बावीस तारखेला, रविवारी, सामान हलणार. ठमीच्या शाळेचं झालं आहे. (ठमी आमची मुलगी, वय नऊ, पुढचे दोन दात नुकतेच पडलेले.) माझंही हिने बघून ठेवलं आहे. तिथल्या एका डेंटल लॅबला कवळ्या करणारा माणूस हवा आहे आणि मी कवळ्या करतो. फक्त वीस तारखेपर्यंत फोन करून 'हो' म्हणायचं. हे सगळं आपण तिसऱ्यांदा सांगतोय, असंही म्हणाली.

विचार करतो म्हणालो. मनात हिशेब वेगळा. पंधराला आणि बावीसला मोठी टूर्नामेंट आहे. पहिल्या दहांना बक्षीस. एकदा दहात आलो की बायकोने शोधलेल्या नोकरीवर नाक मुठीत धरून जायला नको. ताठ मानेने जाऊ. तोवर 'हो' म्हणायची घाई नाही.

७ मार्च, संध्याकाळी
लॅबमध्ये किरकोळ प्रकार.

कवळीचं अॅक्रिलिक, म्हणजे हिरडीचं गुलाबी प्लास्टिक, साच्यात भरून पाण्यात हळूहळू तापवायचं असतं. घाईने उकळलं की आत बुडबुडे राहतात. हे मी झोपेतसुद्धा सांगेन. पण चार वाजता सरावाची टूर्नामेंट होती, म्हणून आच जरा वाढवली. जरा म्हणजे पूर्ण. साचा उघडला तर कवळीची हिरडी स्पंजासारखी. कवळी एका निवृत्त गायनशिक्षिकेची. मालकांनी ती उजेडात धरून बघितली, मग मला बघितलं आणि विचारलं, बाईंनी ही घालून गायचं आहे की भांडी घासायची आहेत? मी हसलो. ते हसले नाहीत.

टूर्नामेंटमध्ये राण्यांची जोडी आली होती. ठरल्याप्रमाणे लपवली. बटाटा नव्हता, पण त्याच वाणाचा दुसरा होता. राण्या गेल्या.

पद्धत बरोबर आहे. नशीब चूक आहे.

८ मार्च
संकल्प. लॅबमध्ये मोबाइल बॅगेत. ठमीला रोज संध्याकाळी वेळ. हिच्याशी बोलणं.

९ मार्च
बॅगेत मोबाइल सारखा थरथरतो. कामात लक्ष लागत नाही. खिशात ठेवला. संकल्पाचा मूळ हेतू कामात लक्ष लागावं हाच होता.

११ मार्च
आज हिने शांतपणे सांगितलं, "तू आलास तर मला बरं वाटेल. नाही आलास तरी आम्ही जाणार आहोत."

खेळाडू म्हणून विचार केला. ही अत्यंत घट्ट. अकरा वर्षांच्या संसारात एकदाही धमकी नाही. पुस्तकी नियम असा, की घट्ट माणसाने एकदम मोठी बोली लावली तर त्याच्या हातात पानं असतात, आपण मुकाट्याने बाजूला व्हावं. पण हा नियम अनोळखी लोकांसाठी आहे. बायकोला आपण ओळखतो. थाप आहे.

स्वयंपाकघरातली भांडी मात्र खोक्यांत गेली आहेत. चहा गाळणीशिवाय प्यालो. माझे कपडे कपाटात तसेच आहेत. का, म्हणून विचारलं. तू ठरव, मग भरते, म्हणाली.

१५ मार्च, रविवार
एक्के!

आधी पार्श्वभूमी. हिने सकाळी पलंग सोडवून द्यायला सांगितलं होतं. हा डाव झाला की येतो, म्हणालो. दोन-तीनदा म्हणालो. शेवटी ही आणि ठमी, दोघींनीच पाना घेऊन पलंग सोडवला. मी गादीवर होतो, म्हणून गादी तेवढी राहिली.

मग ठमी येऊन शेजारी बसली आणि तेवढ्यात एक्क्यांची जोडी आली. मी अगदी लहान बोली लावली. ठमीने विचारलं, एक्के सगळ्यात मोठे ना, मग एवढंसंच का? म्हटलं, लपवायचे असतात. तर म्हणते, मग समोरच्याला कळणार कसं, की तुला घाबरायचं?

आता नऊ वर्षांच्या पोरीला डावपेच काय समजावणार? चार जण आत आले, त्यात बटाटा. त्याच्याकडे चौकी आणि नव्वी. बाकीचं लिहवत नाही. पडद्यावर बटाट्याने हसणारा कुत्रा पाठवला.

 ठमी माझ्या पाठीवर थोपटून आईकडे गेली. मला रडू आलं. सर्दी असावी.

१८ मार्च
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, गायनशिक्षिकेचं पुन्हा निघणार. तर हात पुढे करून अभिनंदन. त्यांना कुठून तरी कळलं होतं, की बायकोची बदली झाली. तुम्हीही जाणारच, म्हणून एक तारखेपासून नवा माणूस घेतला, म्हणाले. इतक्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

मी जातोय की नाही, हे अजून ठरलं नाही, असं म्हणायला हवं होतं. 'आभारी आहे' म्हणालो.

म्हणजे इथली नोकरी गेली. तिथली अजून घेतलेली नाही. तोंडचं पाणी पळालं आहे. पण दबावाखाली मी चांगला खेळतो.

२० मार्च, शुक्रवार
फोन करायचा शेवटचा दिवस. नंबर काढून ठेवला. तेवढ्यात पात्रता फेरी सुरू झाली. ही फेरी जिंकली तर रविवारचा प्रवेश पक्का. जिंकलो! (जोडी एकही आली नाही, त्यामुळे लपवायला काही नव्हतं.) मग फोन केला. लॅब बंद झालेली. नुसती रिंग जात राहिली.

घरी हिने विचारलं, फोन केलास? केला, म्हणालो. शब्दशः खरं आहे.

तिने दीर्घ श्वास सोडला आणि हसली. किती दिवसांनी. मग कपाट उघडून माझे शर्ट काढले, एकेक घडी घालून खोक्यात ठेवायला लागली. कुठला शर्ट नव्या ठिकाणी चालेल, कुठला टाकून द्यायचा, असं स्वतःशीच बोलत होती.  आत्ता सांगावं, असं वाटलं. सांगितलं नाही. रविवारची टूर्नामेंट झाली की सोमवारी सकाळी पहिला फोन त्यांनाच.

२१ मार्च
हिने आभार मानायला तिथल्या लॅबला फोन केला. त्यांनी सांगितलं, तुमच्या यजमानांचा काही निरोप आला नाही, आज सकाळी दुसरा माणूस ठरवला.

ही खोलीत आली. खोकं उघडलं. माझे शर्ट परत कपाटात ठेवले. घड्या न मोडता. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, अगं, मी केला होता गं फोन, खरंच. ती म्हणाली, हो, केला असशील.

उद्या जिंकून दाखवलं की सगळं नीट समजावता येईल. उद्या जिंकायलाच हवं.

२२ मार्च, रविवार
अकराला टेम्पो आला. अकरालाच टूर्नामेंट. वेळ मी ठरवलेली नाही.

गादीसुद्धा गेली. जमिनीवर बसलो. टेम्पोवाल्याने विचारलं, साहेबांचं सामान कुठलं? हिने कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ते राहणार आहे.

मी खेळत होतो आणि, काय सांगू, पहिल्यांदाच नीट खेळत होतो. माणसं गळत गेली. आम्ही तेरा जण उरलो. ठमी दाराशी येऊन उभी राहिली, पाठीला दप्तर. जाते रे बाबा, म्हणाली. एक मिनिट, म्हणालो. कारण एक्के आले होते. समोर बटाटा.

या वेळी लपवले नाहीत. का, कोण जाणे. होतं नव्हतं ते सगळं मधे लोटलं. बटाटा सत्ती आणि दुर्री घेऊन आत आला, कारण बटाटा तो बटाटाच. मधली पाचही पानं उघडली. एक्के टिकले! बटाटा बाहेर!

"ठमे, बघ!" असं ओरडून वळलो. दाराशी कोणी नव्हतं.

चपला न घालता जिने उतरलो. टेम्पो वळणावर होता, हात केला. मागे पलंगाच्या फळ्या तेवढ्या दिसल्या. मोबाइल वर राहिला होता. परत आलो तर माझी पानं आपोआप टाकली जात होती आणि दर फेरीला सक्तीची बोली कापली जात होती. टाकलेल्यांत एकदा राजांची जोडी होती.

अकरावा आलो. बक्षीस दहांना.

२३ मार्च, सोमवार
घरात आवाज घुमतो. शिंकलो तरी दोनदा ऐकू येतं.

हिला फोन लावला. ठमीने उचलला. पहिला प्रश्न, बटाटा हरला का? हो म्हणालो. एवढी खूष झाली, की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग विचारलं, "मग आता येतोस ना?"

येतो, म्हणालो. उद्याच. मनापासून म्हणालो. नोकरी तिथे काय, कुठेही शोधीन. हिचे पाय धरीन. पत्ता विचारला. तीनदा सांगितलाय त्याला, असा मागून हिचा आवाज आला, पण रागाचा नव्हता. तिने सांगितलं तसं ठमी शुद्धलेखन घातल्यासारखं सावकाश बोलत गेली. रस्ता लिहिला. इमारतीचं नाव लिहिलं.

तेवढ्यात मोबाइल थरथरला. काल थोडक्यात हुकलेल्यांना पुढच्या रविवारी मोफत प्रवेश, नोंदणीला शेवटची दोन मिनिटं. एक बटण तर दाबायचं होतं. दाबलं. पुन्हा कानाला लावेपर्यंत मजला आणि फ्लॅट नंबर सांगून झाला होता. लिहिलास का, असं ठमीने विचारलं. लिहिला, म्हणालो. तिने फोन ठेवला.

परत विचारायचं तर मी तेव्हा काय करत होतो, ते हिला कळेल. लाज वाटते.

इमारत तर कळली आहे. खाली उभा राहून हाक मारीन. कोणीतरी बघेलच.