लाल चिठ्ठीचं पान

अण्णा, माझं पुस्तक निघालं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या वर्कशॉपवर, आणि मागच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलंय : कथेतर. तो एक शब्द राहावा म्हणून मी प्रकाशकांशी तीन महिने भांडले. ते म्हणायचे, "कादंबरी म्हणू या, खपेल. कारखान्यातल्या इन्स्पेक्टरचं खरंखुरं आयुष्य कोण वाचणार?" वाचलं, अण्णा! पहिली आवृत्ती संपली. आज मी जयनगरच्या आपल्या घरात कॉलर ताठ करून बसलेय, हसायचं तर हसा.

कथेतर म्हटलं की लोकांना माहितीपत्रक आठवतं, फार तर थोरामोठ्यांचं चरित्र. माझ्या लेखी त्यात तुमच्या लाल चिठ्ठ्याही येतात. मापात न बसलेल्या प्रत्येक जॉबला, म्हणजे मशीनवर केलेल्या भागाला, तुम्ही लाल चिठ्ठी बांधायचात. बाकीचे इन्स्पेक्टर नुसतं 'माप चुकलं' लिहून मोकळे व्हायचे. तुम्ही लिहायचात : 'भोक मोठं झालं. सकाळी मशीन तापायच्या आत काम सुरू केलं. घाई मी करायला लावली.' त्यात ती सकाळ आहे, मशीन आहे, माणूस आहे आणि चूक कुणाची तेही आहे. तुम्ही गेल्यावर या चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा मला सापडला, आणि पुस्तक तिथूनच सुरू झालं.

पण धडा त्याआधीचा. मी आठवीत आहे. मराठी मंडळाच्या निबंध स्पर्धेत 'माझे वडील' लिहून मला पहिलं बक्षीस मिळालंय. आई स्वयंपाकघरात नाचणीच्या उकडीचे मुद्दे वळतेय आणि तुम्ही दारात उभे राहून माझी वही वाचताय. निबंधात वर्कशॉपला आग लागते आणि तुम्ही तीन कामगारांना खांद्यावरून बाहेर आणता. तुम्ही वही मिटता आणि आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणता, "सरी, ठीक, छान लिहिलंस. पण हा कोण गं? आमच्याकडं स्वल्प धूरसुद्धा झाला नाही कधी." आई म्हणते, "लेकरानं कौतुकानं लिहिलंय, जाऊ द्या की." तुम्ही म्हणता, "कौतुक माझं कुठं केलंय? त्या दुसऱ्याचं केलंय." मी जेवले नाही त्या दिवशी. तुमचा राग आला होता, फार आला होता. आणि तुमचं बरोबर होतं, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

पुस्तकाच्या कार्यक्रमाला तुमच्या टेबलाशेजारच्या लेथवरचे टर्नर आले होते. आता त्यांना धड चालवत नाही, तरी पीण्याहून दोन बस बदलून आले. पुढच्या रांगेत बसून बोट ठेवून ठेवून वाचत होते. शेवटी जवळ आले आणि म्हणाले, "सगळं सरी आहे, अगदी बरोबर. खिडकी, चहाची वेळ, अण्णांची शिवी, सगळं." माझा ऊर भरून आला. माझ्यासाठी खरं बक्षीस तेच होतं. मग ते हळूच म्हणाले, "पण ते निबंधाच्या दिवशी अण्णांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला, असं लिहिलंयस. खरंच? माझ्या तर चाळीस वर्षांत नाही ठेवला."

मी हसले, आणि कानशिलं तापली. एवढी भांडून मिळवलेली 'कथेतर'ची पाटी, आणि तिच्यामागे मी पुन्हा एक आग लावून ठेवली होती.

दुसऱ्या आवृत्तीसाठी ते वाक्य मी काल काढलं. आता तिथं आहे : 'अण्णांनी पाठीवर हात ठेवला नाही. तो ठेवावा असं मला फार वाटलं होतं.' प्रकाशक म्हणाले, पुस्तकातली सगळ्यात चांगली ओळ हीच. आणि अण्णा, ही मापात बसते. जे घडलं नाही तेही कथेतरात मावतं, फक्त घडलं नाही असं सांगावं लागतं. जुनं पान फाडून त्याला मी लाल चिठ्ठी बांधली : 'हात जास्तीचा घातला. चूक माझी.'

ते पान तुमच्या डब्यात टाकलंय, आता हे पत्रही त्यातच ठेवते. तो हात पाठीवर यावा, असं अजून वाटतं.