डीकनची थांबायची सवय

नॉर्थ डकोटाच्या माळावरून

आदरणीय सेफसकाका,

काकू आणि तुम्ही खुशाल असाल, तुमचा गुडघा ओल्या हवेत पूर्वीइतका बोलत नसेल आणि रॅकूनने काकूंच्या खुराड्याचा नाद सोडला असेल, अशी देवाकडे मागणी. मी बरा आहे. तुमचा घोडा डीकनही बरा आहे, माझ्यापेक्षा बरा, कारण त्याला सकाळी कुणी कामावरून बोलत नाही. तिकडे अलाबामात अजून सदरा अंगाला चिकटत असेल. इथे पहाटे बादलीतल्या पाण्यावर साय धरल्यासारखं बर्फ धरतं. झाडं नाहीतच. घोडा बांधायचा तर ट्रकला बांधायचा, आणि ट्रक न्यायचा असला की आधी घोडा आठवावा लागतो. (हे मी एकदा विसरलो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

काका, डीकन माझ्या हाती देताना तुम्ही म्हणालात, "त्याला मान दे, तो तुला सांभाळेल." पण जन्मभर तुमच्याबरोबर लाव्यांच्या शिकारीला जाऊन त्याला काय सवय लागली आहे, ते सांगितलं नाहीत. कुत्रा पक्ष्याच्या वासावर थिजला की डीकनही थिजतो आणि बंदूक वाजेपर्यंत पाय उचलत नाही. (तुम्हाला हा गुण वाटणार. मलाही घरी वाटला असता.)

इथल्या शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धेला येताना वाटेत मिझुरीत एका पेट्रोलपंपावर आम्ही कुत्र्यांना पाणी पाजायला उतरवलं. आमचे मालक मिस्टर हॉलिस कुत्रे बांधायच्या साखळ्या जमिनीत ठोकत होते, मी डीकनला ट्रेलरमधून मागे काढत होतो. तेवढ्यात आपली कुत्री ज्युबिली, जिच्यावर मिस्टर हॉलिसच्या सगळ्या आशा आहेत, पंपवालीच्या खिडकीतल्या पिंजऱ्यापुढे थिजली. आत पिवळा कॅनरी. शेपूट ताठ, एक पाय वर. आणि डीकन मागचे पाय जमिनीवर, पुढचे ट्रेलरमध्ये, असा पुतळा झाला. मागे गाड्यांची रांग लागली. एकाने विचारलं, "मेलाय का तो?" पंपावर बंदूक उडवता येत नाही. शेवटी मिस्टर हॉलिसनी शेंगदाण्याची कागदी पिशवी फुगवून फोडली, डीकन शांतपणे खाली उतरला आणि कॅनरीने गाणं कायमचं सोडलं, असं पंपवालीचं म्हणणं. मिस्टर हॉलिस मला म्हणाले, "लॉन्झो, स्पर्धेत हा घोडा असा उभा राहिला, तर तू आणि हा तुझा धर्मात्मा, दोघे बसने घरी." (बसमध्ये घोडा घेतात का, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.) काका, मला घरी यायचं नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्यात परत उभं राहण्यापेक्षा मी इथे थंडीत उभा राहीन.

स्पर्धा गेल्या शनिवारी झाली. दोन कुत्रे सोडतात, मागून सगळे घोड्यांवर, दोघे जजसुद्धा. मिस्टर हॉलिसनी एका जजच्या जवळ राहून ज्युबिलीला हाका मारायच्या, आणि ती दिसेनाशी झाली तर शोधायची मी. ती टेकडीपलीकडे गेली आणि गवताने गिळल्यासारखी नाहीशी झाली. वेळेत सापडली नाही तर बाद. मी डीकनला टाच मारली, तो छान पळाला, आणि टेकडी उतरताच कंबरभर झुडपांच्या काठाशी उभा राहिला. मी टाच मारली, लगाम ओढला, काकूंच्या नावाने विनवलं. मी त्याला काय काय म्हणालो ते लिहीत नाही, तुम्ही हे पत्र चर्चमध्ये वाचून दाखवाल. दुसरा जज माझ्यामागे येऊन थांबला. म्हातारा माणूस. म्हणाला, "पोरा, घोडा तुझा की तू घोड्याचा?" मला त्या क्षणी जिनिंगमधली धूळ नाकात आल्यासारखं वाटलं.

मग मी डीकनचे कान पाहिले. दोन्ही पुढे, एकाच जागी रोखलेले. त्यांच्या रेषेत पाहिलं तर रानप्लमच्या जाळीत ज्युबिलीच्या पांढऱ्या शेपटाचं ताठ टोक, ती पक्ष्यांवर थिजलेली. मी टोपी वर धरून ओरडलो, "पॉइंट!" मिस्टर हॉलिस दौडत आले, घोड्यावरून उतरले, जाळीत शिरले. माळकोंबड्यांचा अख्खा थवा उठला, त्यांनी पक्षी न मारता हवेत खोटा बार काढला, आणि ज्युबिलीचा केसही हलला नाही. डीकन मात्र बार ऐकून आपलं काम झालं असं समजून निघाला आणि मला टोपीसकट जेवणाच्या गाडीपर्यंत घेऊन गेला. ज्युबिली दुसरी आली. सगळे म्हणाले, या पोराला नजर आहे. मी नम्रपणे मान खाली घातली. तेव्हा मी डीकनकडे बघायचं टाळलं.

काकूंना नमस्कार. चर्चमध्ये सांगायचं तर नजरेपर्यंतच सांगा.

तुमचा पुतण्या,
लॉन्झो

ता. क. डीकन रोज संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून उभा राहतो. मिस्टर हॉलिस म्हणतात, उत्तरेचा वारा घोडे पाठीवर घेतात, बाकी काही नाही. मीही तिथेच उभा असतो, तोंड तिकडेच.

ता. क. दुसरा. ज्युबिली घोड्याने शोधली, मी नव्हे, हे त्या म्हाताऱ्या जजने मिस्टर हॉलिसना सांगितलं आहे. काल मिस्टर हॉलिस खरारा करता करता म्हणाले, "या घोड्यावर पिठाचं पोतं ठेवलं तरी कुत्रा सापडेल." ते तुम्हाला डीकन मागायला लिहिणार आहेत. माझं नाव त्यात नाही. तर काका, एवढंच करा. त्यांना कळवा की हा घोडा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही. तो कुणाच्याही हातचं खातो, परवा जजच्या खिशातलं बिस्किट खाल्लं. तेव्हा पत्र लवकर टाका, त्यांना हे दिसायच्या आधी.