वय पन्नासच्या आत असेल तर

२ मार्च
नाट्यमंडळाची मीटिंग. नवीन नाटक ठरलं. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, भूमिका वाटताना दरवेळी भांडणं होतात, यंदा काहीतरी नियम लावा. मी उठलो. म्हटलं, कॉम्प्युटरवर शीट करतो, अटी घालतो, शीट म्हणेल तो नायक. वशिला नाही, रुसवेफुगवे नाहीत. टाळ्या पडल्या.

इतकी वर्षं मी स्टेजवर "पाहुणे आलेत" एवढंच बोलतोय. गेल्या वेळी तर पाहुणे आधीच येऊन बसले होते. आता बास. यंदा नायक मीच. तेही निःपक्षपातीपणे.

४ मार्च
इफचा फॉर्म्युला शिकलो. अगदी सोपा. अट खरी ठरली तर हे, नाहीतर ते. बायको म्हणाली, यात शिकायचं काय, तुमचं पहिल्यापासून तेच चाललंय, बरं वाटलं तर भाजी आणणार, नाहीतर आडवे होणार. दुर्लक्ष केलं.

पहिली अट: वय पन्नासच्या आत असेल तर नायक, नाहीतर आजोबा. ही खास निवृत्त पोस्टमास्तरांसाठी. दर नाटकात नायक तेच, आणि दुसऱ्या अंकात प्रेम करता करता खुर्ची शोधतात. माणूस देवासारखा, पण जागा सोडत नाही. मी शेहेचाळीसचा. केस काळेभोर. रविवारी थोडं पोषण देतो, एवढंच.

५ मार्च
शीट अडून बसली. उत्तराच्या जागी "नेम?" विचारते. माझं नाव टाइप केलं. परत "नेम?" किती वेळा सांगायचं! शेवटी लेक आली. म्हणाली, बाबा, नायक हा शब्द अवतरणचिन्हांत घाला. घातला. तर नायिकेसकट अख्खं मंडळ आजोबा, एकटे पोस्टमास्तर नायक. "तर" आणि "नाहीतर"ची अदलाबदल झाली होती. मला आधीच शंका आली होती.

८ मार्च
पोस्टमास्तर व्यवस्थित आजोबा झाले. पण दातांचे डॉक्टर नायक येतायत. चव्वेचाळीस वय, कवळी दाखवून हसल्यासारखे हसतात. इफच्या पोटात दुसरा इफ घातला: मिशी असेल तर नायक, नाहीतर नोकर. डॉक्टर सफाचट. लगेच नोकर! स्वतःशीच हसलो. मेहुण्याला फोन करून कळवलं, नायक मी आहे, पहिल्या रांगेत बस. सगळा गोतावळा घेऊन येतोय.

१५ मार्च
डॉक्टरांना मिशी फुटली. लेक दाढ भरायला त्यांच्याकडेच गेली होती. बोलली असेल का? तोंडात तर कापूस होता.

तिसरा इफ: स्वतःचा सूट असेल तर. माझा लग्नातला आहे. बायको म्हणाली, आहे, पण होतो का? अट "आहे का" एवढीच आहे. जे विचारलं नाही ते सांगायचं कशाला.

२० मार्च
आज संध्याकाळी निकाल. भिंतीवर, मोठ्या पडद्यावर. बायको आणि लेकही बघायला येतायत. माझी ओळ मुद्दाम शेवटी भरली, निघता निघता. वयाच्या रकान्यात नुसता आकडा फार कोरडा वाटला, म्हणून लिहिलं: ४६, पण वाटत नाही. उत्तर बघितलं नाही. आपलंच आपण बघणं बरं दिसत नाही.

२० मार्च, परत आल्यावर
डॉक्टर सूट घालूनच आले. त्यांच्या नावापुढे नायक. म्हटलं असू दे, दोघं निघालो तर बाई अनुभव बघतील. सगळ्यात खाली माझी ओळ. आजोबा.

मी ओरडलो, मशीन बिघडलंय. लेक पुढे गेली, वयाचा रकाना उघडला आणि सगळ्यांसमोर वाचला. हशा. म्हणाली, आकड्याच्या जागी अक्षरं घातली की शीट ती कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरते. म्हणजे शीटच्या मते मी नुसत्या मंडळातलाच नाही, जगातला सगळ्यात म्हातारा!

मी म्हटलं, मग नुसता आकडा घाल. तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि आईकडे बघितलं. मागच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, आता घालतेच आहेस तर खरा घाल, बावन्न.

उत्तर तेच आलं.

नाटकात आजोबा एकच. बाईंनी पोस्टमास्तरांना विचारलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, यांच्याइतकं नैसर्गिक मला नाही जमणार. जागा सोडायला माणसाला हाच मुहूर्त मिळाला.

२१ मार्च
रडू आलं. खोटं कशाला बोलू. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.

२५ मार्च
विचार केला. तरणाबांड माणूस म्हातारा करून दाखवणं, खरी कला हीच. नायक काय, कुणीही होतं. सुरकुत्या, पांढरे केस, चेहरा संपूर्ण बदलणार. मेहुणा ओळखणारसुद्धा नाही. मेकअपवाल्याला बजावलं, माझ्यावर कमीत कमी दोन तास लागतील, सगळ्यांच्या आधी मला बसव.

१८ एप्रिल
प्रयोग. दुपारीच जाऊन बसलो. मेकअपवाल्यानं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. पांढऱ्या पावडरचा डबा उघडला होता, तो परत बंद केला. ओलं फडकं घेतलं, केसांवरून दोनदा खसाखसा फिरवलं. फडकं काळं झालं. म्हणाला, झालं काका, उठा. आणि डॉक्टरांना बसवलं.

थोड्या वेळानं बायको डबा द्यायला आत आली. माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, अहो, लोक यायला लागले, तुमचा मेकअप कधी करणार?