दारातून न निघणारे टेबल

मी, सुताराची पत्नी आणि चार वर्षांपासून त्याची विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर आहे, फक्त तापलेले आहे.

कलम १. राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना समसमान. वडील गेल्यापासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, कारण थोरल्याला त्यांचा सुतारकामाचा कारखाना विकायचा आहे आणि धाकटी तिथेच काम करते. "आई, त्याला सांग." "आई, तिला सांग." मी टपालखात्यात नोकरीला नाही. मला या निरोपांचा वीट आला आहे.

कलम २. कारखाना, रंधे व पटाशा धाकटीला. माझे दागिने थोरल्याला. आदळआपट करू नये.

कलम ३. खुर्च्या. यजमान सहा दिवस लोकांची कामे करत आणि सातव्या दिवशी घरासाठी खुर्ची. पाहुणा "छान आहे" म्हणाला की ती त्याच्याबरोबर जायची. मी चिडले तर म्हणत, "अगं, त्याची कंबर दुखते." अख्ख्या गल्लीची कंबर माझ्याच घरी येऊन दुखायची. मुले तापाने फणफणली की त्यांना मांडीवर घेऊन हा माणूस रात्रभर स्टुलावर बसायचा. शेवटी स्वतःच्या अंगात ताप असताना गल्लीतल्या एका म्हातारीची खिडकी बसवायला गेले. मी म्हटले, उद्या जा. म्हणाले, "तिच्या घरात वारा शिरतोय." परत आले ते अंथरुणालाच खिळले. याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेले नाही, हे इथे नोंदवते. उरलेली दोन स्टुले ज्याला हवीत त्याने न्यावीत. छान आहेत म्हटले की झाले.

कलम ४. जेवणाचे टेबल. ते खोलीतच बांधले आणि मग दारातून निघेना, म्हणून गल्ली यजमानांना आयुष्यभर हसली. दारे बसवणाऱ्याने स्वतःचे दार मोजले नाही! खरी गोष्ट अशी की टेबलाच्या फळ्या सुट्या होतात आणि ते दारातून निघते. पहिल्याच आठवड्यात एकजण "छान आहे" म्हणाला आणि मी घाईघाईने म्हटले, "दारातून निघत नाही हो." यजमान माझ्याकडे बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं खरं मोजायला." ते हसू त्यांनी मरेपर्यंत सोसले, म्हणून तुम्हा दोघांना जेवायला, अभ्यासाला आणि भांडायला टेबल मिळाले. मला पश्चात्ताप नाही.

आता थोरला निरोप धाडतो की मधोमध कापू, अर्धे अर्धे घेऊ. टेबलाला करवत लागता कामा नये. त्यात एकही खिळा नाही, दोन टोकांना लाकडी खुंट्या आहेत. टेबल सोडताना त्या दोन्हीकडून एकाच वेळी ठोकाव्या लागतात. एकट्याने एकच खुंटी ठोकली तर फळी चिरते. रंगकाम निघाले की दार लावून घेऊन आम्ही ते सोडायचो. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. ते "हं" म्हणायचे, मी "हं" म्हणायचे, की ठोकायचे. ते गेल्यापासून दुसरे टोक रिकामे आहे, आणि मला ते रोज दिसते.

तेव्हा ज्याला टेबल हलवायचे असेल त्याने समोर भावंडाला उभे करावे आणि "हं" म्हणावे. तेवढे पुरे. निरोप पोचवायला मी नसेन.

सही: तुमची आई

साक्षीदार: १. समोरची शिंपीण (आमच्या दोन खुर्च्या हिच्याकडे आहेत, टेबलाचे आत्ता कळल्याने फुरंगटून सही केली)
२. गल्लीतले डॉक्टर (एक खुर्ची)

स्थळ: सदर टेबल
दिनांक: आज, मंगळवार, दोघांचेही निरोप येऊन गेल्यावर