काम सांग

३ नोव्हेंबर, गंगाखेड

आज कामाला लागलो. नांदेडचं इंजिनिअरिंग अर्धवट सोडल्यापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. इथं पहिल्याच दिवशी शांतम्मांनी धपाटे अन् दही पुढं ठेवलं. त्यांचे भाऊ भीमाशंकर अण्णा माझे मालक. त्यांनी विचारलं, परमेश्वर, कॉलेज का सोडलंस? खरं ते सांगितलं. लॅबमध्ये एकानं ऋतुजाकडं बघून शिट्टी मारली, मी त्याच्या डोक्यात कीबोर्ड घातला. अण्णा हसले, आमचे कीबोर्ड तेवढे जपून वापर म्हणाले.

धंदा इंटरनेटचा. स्टँडामागच्या गच्चीवर डिश, तिथून खेड्यापाड्यांत लिंक. राणीसावरगावलाही. ऋतुजा तिथलीच, म्हणून तर ही नोकरी धरली. ती माझा फोन उचलत नाही, पण तिच्या घरचं नेट आता माझ्या हाताखालून जाणार. लय भारी वाटायलंय.

माझ्या खुर्चीवर आधी शांतम्मांचा मल्लेश बसायचा. श्रावणात टॉवरवरून पडून गेला. रोज सकाळी मामापुढं उभा राहून 'काम सांगा' म्हणायचा. सांगितलेलं टाळायचा नाही. खोड एकच, नवं काम सांगितलं की हातातलं जुनं कायमचं विसरायचा.

६ नोव्हेंबर

सगळा कारभार एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतो. त्याचा कर्नल, म्हणजे यंत्र अन् प्रोग्राम यांच्यामधला मुकादम, इथं आपणच बांधायचा. राणीसावरगावची लिंक सारखी पडायली म्हणून त्याचा मेनू उघडला. नेटवर्क अन् ड्रायव्हरच्या भागात 'प्रायोगिक' लिहिलेल्या ढीगभर ओळी. वाय दिलं की चालू, एन दिलं की बंद. प्रत्येकीखाली तीच सूचना, खात्री नसेल तर एन द्या. मल्लेशनं सगळीकडं एन दिलेलं. भित्रा.

मी सगळ्यांना वाय दिलं. एक रेडिओचा ड्रायव्हर, त्यानं फोन फोनला परस्पर धरतो. एक आवाजाचा, माईक नेटवर्कवर सोडणारा. अण्णा म्हणाले, चालत्या मशीनला कशाला छेडायलास बाबा? मी म्हणालो, भिऊन नेट चालत नसतं. जुना कर्नल पुसला, नवा चढवला. लिंक दगडासारखी पक्की.

८ नोव्हेंबर

जोडलेल्या फोनांत आज ऋतुजाचा दिसला. हिरवा ठिपका. किती तरी वेळ नुसता बघत बसलो.

तिच्या खालीच मल्लेशचा फोन.

अण्णांना दाखवलं तर म्हणाले, तो फोन तर त्याच्यासंगं पुरलाय. त्यांच्यात माणूस जाळत नाहीत, खड्ड्यात मांडी घालून बसवतात. मल्लेशच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, अन् शांतम्मांनी त्याच्या मांडीवर फोन ठेवला. जिवंतपणी हातातून सुटला नव्हता म्हणून.

अण्णा म्हणाले, आत्ताच्या आत्ता बंद कर. शांतम्मांनी माझं मनगट धरलं. जेवला का, विचार की रे त्याला.

म्हातारीच्या समाधानासाठी टाइप केलं. जेवलास का?

उत्तर आलं. काम सांग.

फोन उकरून कुणीतरी मस्करी करायलंय.

१० नोव्हेंबर

ऋतुजाची सुपारी फुटली. पालमचा योगीराज, ट्रॅक्टरवाला. स्टेटसला फोटो, त्याचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर.

डोकं फिरलं. समोर स्क्रीनवर मल्लेशच्या फोनची तीच खिडकी उघडी होती. टाइप केलं, योगीराजचे हात तोड.

'बरं' असं आलं.

११ नोव्हेंबर

योगीराजचे दोन्ही हात मनगटापासून गेले. भरदुपारी, उसाच्या फडात, ऊसतोडीच्या कोयत्यानं. उजवा एका घावात. डाव्याचं हाड अडलं, मग तो पिळून काढला. वाचलाय. दवाखान्यात एकच बरळायलाय की तो बसून आला. उभा राहिलाच न्हाई. घातलेली मांडी तशीच, सरीतून सरकत आला, तोंडात माती.

स्क्रीनवर — झालं. काम सांग.

माझ्या खुर्चीखाली ओली काळी माती.

१२ नोव्हेंबर

फोन धरणाऱ्या त्या ड्रायव्हरच्या ओळीवर एन बसतच नाही. दुसऱ्या ओळीनं ती धरून ठेवलीय, दुसरीला तिसरीनं. सगळ्या मीच चालू केलेल्या.

अण्णांनी थोबाडीत दिली अन् डिश उपटायला गच्चीवर गेले. माझं टाळकं सटकलं. नुसतं तोंडानं म्हणालो, जीभ हासडतो म्हाताऱ्या. टाइप केलं नव्हतं. माईक — माईकलाही वाय —

अण्णा डिशला टेकून बसलेले. मांडी घालून. हनुवटीपासून पोटापर्यंत रक्त. जीभ डाव्या तळहातावर.

शांतम्मांनी गच्चीवरची माती गोळा करून पदरात बांधली.

१३ नोव्हेंबर

तोंडात रुमाल कोंबून बसलोय. बोलायचं नाही. काही म्हणायचं नाही.

ऋतुजा आली. मीच करवलं, हे तिला पक्कं ठाऊक. तो कीबोर्ड तिनं बघितला होता. तोंडावर थुंकली. परम्या, हात नसले तरी लगीन त्याच्याशीच करीन, म्हणाली.

रुमाल काढला. मला फक्त — मी म्हणालो, मग मर तिकडं.

बरं.

ती एसटीनं गेली. कॉम्प्युटर कुऱ्हाडीनं फोडला. पत्र्यानं माझीच बोटं कापली. माझ्या फोनवर आलं — निघालो. आता मशीन लागतच नाही त्याला.

राणीसावरगाव. तिच्या घरी

घरचे शेतात. मीच तिला आतल्या खोलीत कोंडलंय. दार बडवतीय, मला शिव्या देतीय. दे.

नको लिहिलं. थांब लिहिलं. बंद कर. एकही पोचत नाही. एन त्याला मी ठेवलाच नाही.

अंगणात सरकायचा आवाज —

नवं काम सांगितलं की जुनं विसरतो. कायमचं. पण साधं काम दिलं तर ते उरकून परत मलाच विचारणार, अन् माझं तोंड मला आवरत नाही.

लिहिलं. परमेश्वरला मार.

बरं.

उंबऱ्यावर माती. बसलेलाच. कोयता. तिच्या दाराकडं बघत नाही आता —

ऋतू, वही दाराखालून सरकवतो. मी गेल्यावर तो काम विचारील. काही सांगू नको. फोनसमोर तोंड उघडू नको. रागात तर अजिबात —

ऋतू, मी तुला खरंच लय