पॉलिश केलेले बूट

मंगळवार, संध्याकाळ
इंदिरानगर

आज परत तेच. दवाखान्यात जायचं म्हणून ह्यांनी सकाळीच बूट पॉलिश केले, शर्टाला कडक इस्त्री केली. मिलिटरीतून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी साहेबासमोर जायचं तर असंच. मानसोपचाराचे डॉक्टर या वेळीही नवीन, म्हणजे सगळं पहिल्यापासून सांगायचं. त्यांनी विचारलं, "कसं वाटतंय?" हे ताठ उभे राहिले. "सब ठीक है, सर."

डॉक्टरांनी ह्यांना बुटांपासून वरपर्यंत पाहिलं आणि झोपेच्या त्याच गोळ्या लिहून दिल्या. त्यांना तरी काय बोलणार? बाहेर केवढी रांग होती. पण कुकरची शिटी वाजली की हा माणूस पलंगाखाली जातो, म्हणून मी वरण पातेल्यात शिजवते, हे त्यांना कोण सांगणार? मीच ना? मग माझ्या तोंडातून शब्द का फुटला नाही? ह्यांच्यादेखत, परक्या माणसासमोर, नवऱ्याला मान खाली घालायला लावायची...

रिक्षात मी घुश्शातच बसले होते. घरी आल्यावर हे पायरीवर बसून बूट काढायला लागले. लेस सोडता सोडता, वर न बघताच म्हणाले, "साहेबानं विचारलं की तोंडातून ठीकच निघतं गं. पुढच्या वेळी तू सांग. मी तिथंच बसेन."

बूट पुसून ठेवावेत म्हणून मी पॉलिशची डबी आणायला उठले, तर म्हणाले, "राहू दे. पुढच्या वेळी चपलाच घालीन."